हरणांची संख्या ‘के’च्या वर का गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका बेटावरच्या हरणांची आठ वर्षांची मोजणी तुमच्याकडे होती. तिला तुम्ही लॉजिस्टिक वक्र, म्हणजे आधी झपाट्याने चढून मग एका मर्यादेशी सपाट होणारी रेघ, बसवला, त्यातून धारणक्षमतेचा, म्हणजे ती जागा जास्तीत जास्त किती हरणं पोसू शकेल त्या ‘के’चा, एक आकडा निघाला आणि नवव्या वर्षीची हरणं त्या आकड्याच्या बरीच वर गेली. मग चुकलं काय, मॉडेल की मोजणी? शिवाय तुम्ही विचारता की लोटका आणि व्होल्टेरा यांच्या समीकरणांतली भक्षक-भक्ष्याची चक्रं, म्हणजे दोघांच्या संख्यांचे मागोमाग येणारे चढउतार, निसर्गात जशीच्या तशी कुठे दिसत नसतील, तर ती शिकायची कशासाठी?

वीसेक वर्षं मी कुरतडणाऱ्या आणि खुरांच्या प्राण्यांच्या मोजण्या केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात. संख्या वाढल्याचा परिणाम जन्म-मृत्यूंवर किती उशिरा होतो, हे आधी पाहा. बाकी गोष्टी त्यामागून उलगडतात.

समष्टीचा, म्हणजे एका जागी राहणाऱ्या एकाच जातीच्या जिवांचा, हिशेब चार नोंदींचा असतो: जन्मलेले, मेलेले, बाहेरून आलेले आणि निघून गेलेले. बेटावर शेवटच्या दोन नोंदी बहुधा शून्य असतात, म्हणून तुमचं काम निम्म्याने सोपं आहे. दर हरणामागे वाढीचा वेग कायम राहिला तर घातांकी, म्हणजे चक्रवाढ व्याजासारखी, वाढ होते. १७९८ मध्ये माल्थस ज्या वाढीची भीती घालत होता, ती हीच. १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने तिच्यात एक दुरुस्ती केली: संख्या जसजशी वाढेल तसतसा हा दरडोई वेग सरळ रेषेत घटत जाईल आणि एका ठिकाणी शून्यावर येईल. ते ठिकाण म्हणजे ‘के’. ‘लॉजिस्टिक’ हे नावही त्याचंच, १८४५ चं.

या ‘सरळ रेषेत’मध्ये तीन गृहीतकं दडलेली आहेत आणि ती मोठ्याने म्हटल्याशिवाय वक्र बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिलं, सगळे प्राणी सारखे. पाडस, जवान मादी आणि म्हातारा नर यांत फरक नाही. दुसरं, प्राणी जे खातात ते खाऊन संपत नाही, जागेची कुवत तीच राहते. तिसरं, आज एक हरीण वाढलं की त्याचा परिणाम आजच, त्याच क्षणी, सगळ्यांच्या जन्म-मृत्यूंवर होतो. तुमच्या बेटावर ही तिन्ही खोटी आहेत. तिसरं तर सगळ्यात जास्त.

आठ वर्षांतून निघालेला ‘के’ आणखी एका कारणाने कच्चा असतो. लॉजिस्टिक वक्राचा खालचा अर्धा भाग घातांकी वाढीसारखाच दिसतो. वळण येतं ते ‘के’च्या निम्म्यावर. त्या वळणाच्या पुढे मोजणी बऱ्यापैकी गेलेली नसेल, तर ‘के’बद्दलची माहिती आकड्यांत जवळजवळ नसतेच. संगणक तरीही आकडा देतो, कारण आपण तो मागितलेला असतो. याचं जुनं उदाहरण १९२० चं. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १७९० ते १९१० या काळातल्या अमेरिकेच्या जनगणनांना लॉजिस्टिक वक्र बसवला. तो इतका सुरेख बसला की पाहणाऱ्याला शंकाच येऊ नये. त्यातून निघालेली कमाल लोकसंख्या होती सुमारे १९ कोटी ७० लाख. आज तिथे ३३ कोटींहून जास्त माणसं राहतात. मागचे आकडे बरोबर जुळले म्हणून पुढची मर्यादा बरोबर ठरत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात मोठी वाटते. हरणांनी मर्यादा मोडलेली नाही. मर्यादा कुठे आहे ते त्या आठ वर्षांत अजून दिसलंच नव्हतं.

पण दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे आणि तिच्यावर मी वेळ घेणार आहे. कदाचित तुमचा ‘के’ ठीक असेल आणि हरणं खरोखरच त्याच्या वर गेली असतील.

बेरिंग समुद्रातलं सेंट मॅथ्यू बेट हे त्याचं ठळक उदाहरण. १९४४ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. बेटावर तैनात माणसांना अडचणीच्या वेळी अन्न हाताशी असावं, एवढाच हेतू होता. युद्ध संपलं, माणसं परतली, रेनडिअर राहिले. भक्षक एकही नाही आणि जमिनीवर लायकेनचा, म्हणजे दगडफुलाच्या वर्गातल्या, बुरशी आणि शैवाल मिळून बनलेल्या सजीवाचा, जाडजूड थर. डेव्हिड क्लाइन या अभ्यासकाने १९५७ मध्ये मोजले तेव्हा १,३५० रेनडिअर होते. १९६३ मध्ये ६,०००. मग १९६३-६४ चा कडक हिवाळा आला. १९६६ मध्ये तो पुन्हा गेला तेव्हा ४२ उरले होते, जवळजवळ सगळ्या माद्या, आणि त्या वर्षीचं एकही पाडस नाही. पुढे तीही संपली.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना देतो आणि दरसाल वाढीचा वेग काढायला सांगतो. १९४४ ते १९५७ या काळात तो साधारण ३४ टक्के येतो. १९५७ ते १९६३ या काळात २८ टक्के. म्हणजे कोसळण्याच्या आदल्या वर्षापर्यंत नुसत्या संख्येकडे पाहणाऱ्याला कळप सुखात आहे असंच वाटलं असतं. वेग किंचित मंदावलाय, एवढंच. पण क्लाइनने प्राण्यांची अंगंही पाहिली होती. १९५७ च्या मानाने १९६३ मध्ये त्यांची वजनं खूप उतरली होती, माद्यांमागे पाडसांचं प्रमाण घटलं होतं आणि लायकेनचा थर विरला होता. संख्या चढत असताना शरीरं आणि जमीन यांनी आधीच उत्तर दिलं होतं. लायकेन वाढायला अनेक वर्षं लागतात. म्हणजे रेनडिअर व्याजावर जगत नव्हते, मुद्दल खात होते, आणि मुद्दल असेपर्यंत वाढीला काही अडत नाही.

म्हणून धारणक्षमतेची कल्पना भांड्याच्या मापासारखी करू नका. ‘के’ हे जागेवर कोरलेलं माप नसतं. संख्येनुसार उतरणारी जन्मदराची रेषा आणि चढणारी मृत्युदराची रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू म्हणजे ‘के’. पाऊस बरा झाला तर तो सरकतो, थंडी लांबली तर उलटा सरकतो, आणि प्राण्यांनीच चारा ओरबाडला तर तो त्यांच्या पायाखालूनच खाली उतरतो. सेंट मॅथ्यूवर १९४४ चा ‘के’ आणि १९६३ चा ‘के’ एक नव्हता.

आता विलंबाकडे येतो. एका पिढीची गर्दी पुढच्या पिढीत जाणवत असेल, तर लॉजिस्टिकचं साधं समीकरण विलक्षण वागायला लागतं. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये हे सगळ्यांपुढे मांडलं. संख्येला शून्य ते एक यांमधला अपूर्णांक माना. पुढच्या वर्षीची संख्या काढायची तर या वर्षीच्या अपूर्णांकाला ‘एक वजा तोच अपूर्णांक’ याने गुणा आणि मग वाढीच्या एका स्थिरांकाने गुणा. स्थिरांक २.८ असेल तर संख्या थोडी डुलून ०.६४ च्या आसपास बसते. ३.२ केलात तर ती कधीच बसत नाही; एक वर्ष ०.५१, पुढचं ०.८०, असं कायम. ३.५ ला चार वर्षांचं चक्र येतं. ३.९ ला कुठलाच आकृतिबंध उरत नाही. सुरुवातीचा आकडा तिसऱ्या दशांशस्थळी बदलला तरी काही वर्षांत वेगळीच मालिका मिळते. हे सगळं करायला हवामान लागलं नाही, रोग लागला नाही, भक्षक लागला नाही. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा. हाताने केल्यावर जे समजतं ते आलेख पाहून समजत नाही.

प्रयोगशाळेत याचं जिवंत रूप ए. जे. निकल्सन यांनी ऑस्ट्रेलियात दाखवलं. मेंढ्यांना त्रास देणाऱ्या माशा त्यांनी पिंजऱ्यांत पाळल्या. अळ्यांना भरपूर अन्न, प्रौढ माशांना मात्र मोजकं. प्रौढ माश्या दाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी प्रथिनं येत आणि अंडी जवळजवळ थांबत. पण आधी घातलेल्या अंड्यांतून दोनेक आठवडे नव्या माश्या येतच राहत. गर्दी वाढतच जाई आणि मग धाडकन ओसरे. संख्या पाच-सहा आठवड्यांच्या चक्रात काही थोड्यांपासून काही हजारांपर्यंत झुलत राहिली. अन्नाचा रोजचा पुरवठा मात्र कायम होता. म्हणजे झोका बाहेरून दिलेला नव्हता. अंडं ते प्रौढ माशी या वाटचालीला जो वेळ लागतो, त्यानेच तो दिला.

हरणांकडे हा विलंब दोन वाटांनी येतो: एक चाऱ्यातून, दुसरी वयांतून. वाढत्या कळपात जवान माद्यांचा भरणा असतो. चारा कमी पडायला लागला तरी त्या काही वर्षं पाडसं देत राहतात, आणि त्या वर्षांत संख्या वाढत राहते. वयोरचना विसरल्याने किती चूक होते याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण लॉगरहेड समुद्री कासवांचं आहे. डेबोरा क्राउज, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी १९८७ मध्ये वयाच्या टप्प्यांनुसार हिशेब मांडला. तोवर सगळा भर किनाऱ्यावरची अंडी जपण्यावर होता. हिशेबातून निघालं की एकूण एक अंडं वाचवलं तरी ती समष्टी घटतच राहील, पण मोठी होत आलेली, अजून प्रौढ न झालेली कासवं मरायची कमी झाली तर ती सावरेल. ती मरत होती कोळंबीच्या जाळ्यांत. नंतर अमेरिकेत त्या जाळ्यांना कासव बाहेर निसटेल अशी वाट ठेवणं सक्तीचं झालं. वयं एका आकड्यात मिसळली असती तर हे कधीच दिसलं नसतं.

वक्राच्या खालच्या टोकाबद्दल एकच वाक्य: संख्या फार कमी झाली की जोडीदार न सापडणं, कळपाचं संरक्षण नसणं यामुळे दरडोई वाढ उलट घटते, हा डब्ल्यू. सी. ॲली यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम, आणि लॉजिस्टिकमध्ये तो अजिबात नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. लोटका-व्होल्टेरा समीकरणं शिकायची कारण ती एका खऱ्या कोड्यातून आली आणि एक अनपेक्षित, खरं ठरलेलं उत्तर देऊन गेली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी फार घटली होती. प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो द’आंकोना यांनी बाजारांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा युद्धकाळात शार्कसारख्या भक्षक माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. फियुमे बंदरात १९१४ मध्ये ते ११.९ टक्के होतं, १९१८ मध्ये ३६.४ टक्के, आणि १९२३ पर्यंत परत १०.७ टक्के. मासेमारी थांबली तर सगळेच मासे वाढावेत. भक्षकांनाच जास्त फायदा का? त्यांनी हे कोडं त्यांचे होणारे सासरे, गणितज्ञ व्हितो व्होल्टेरा, यांच्यापुढे ठेवलं. १९२६ मध्ये व्होल्टेरांनी उत्तर दिलं. आल्फ्रेड लोटका यांनी तीच समीकरणं स्वतंत्रपणे १९२५ मध्ये मांडली होती.

उत्तर असं. भक्ष्याची सरासरी संख्या भक्ष्याच्या स्वतःच्या वाढीवर ठरत नाही. भक्षकाला तगायला किती भक्ष्य लागतं यावर ठरते. भक्षकाची सरासरी ठरते भक्ष्याच्या वाढीच्या वेगावर. मग दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारलंत, तर भक्षकाला तगायला जास्त भक्ष्य लागतं आणि भक्ष्याची वाढ मंदावते. परिणाम: भक्ष्य वाढतं, भक्षक घटतो. मासेमारी थांबली की नेमकं उलट. आता हेच कीटकनाशकांना लावून पाहा. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांवर पांढऱ्या कापसासारख्या खवले किडीचं संकट होतं. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने ती आटोक्यात आणली. १९४० च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि कीड पुन्हा उसळली, कारण औषधाने तिच्या भक्षकाला जास्त झोडपलं होतं. ज्या समीकरणांची चक्रं निसर्गात जशीच्या तशी दिसत नाहीत, त्यांचा हा निष्कर्ष बागेत खरा ठरला. मला त्यांचं मोल यासाठी वाटतं.

चक्रं जशीच्या तशी का दिसत नाहीत हेही गॉझ या रशियन जीवशास्त्रज्ञाने १९३४ च्या सुमाराला दाखवलं. त्याने परीक्षानळीत पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम हे दोन एकपेशीय जीव एकत्र ठेवले. डिडिनियमने शेवटचा पॅरामेशियमसुद्धा खाल्ला आणि मग स्वतः उपाशी मेला. तळाशी गाळ ठेवला तर काही पॅरामेशियम त्यात लपले. डिडिनियम उपाशी मेला आणि लपलेले पुन्हा वाढले. ठरावीक दिवसांनी दोघांतले एकेक जीव बाहेरून घातले तेव्हा कुठे झोके टिकले. लपायला जागा आणि बाहेरून येणारे जीव, या दोन गोष्टी समीकरणांत नाहीत. तुम्हाला निसर्गात दीर्घकाळ टिकलेलं भक्षक-भक्ष्य नातं दिसलं तर त्या दोन गोष्टी आधी शोधा.

आणि कॅनडातले ससे आणि त्यांना खाणारं लिंक्स हे रानमांजर, यांचं प्रसिद्ध चक्र? कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या नोंदींवरून काढलेला तो दहाएक वर्षांचा झोका प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो, आणि तो नुसता भक्षक-भक्ष्याचा आहे असं वाटतं. चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी युकॉनमध्ये एक-एक चौरस किलोमीटरचे भाग घेऊन तपासलं. अन्न वाढवलं तेव्हा ससे तिप्पट झाले. सस्तन भक्षकांना कुंपणाबाहेर ठेवलं तेव्हा दुप्पट. दोन्ही एकत्र केलं तेव्हा अकरापट. म्हणजे अन्न आणि भक्षक एकमेकांत गुंतलेले आहेत. भुकेला ससा चरायला जास्त हिंडतो आणि जास्त मारला जातो. शिवाय भक्षक दाट असताना सशांच्या माद्या सतत ताणाखाली राहतात, पिलं कमी होतात, आणि भक्षक ओसरल्यावरही काही काळ प्रजनन सावरत नाही. तिथेही पुन्हा विलंबच.

स्पर्धेबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या बेटावर दुसरा चरणारा प्राणी नाही असं तुम्ही लिहिलंय. गॉझने पॅरामेशियमच्या दोन जाती एकाच अन्नावर ठेवल्या तेव्हा ऑरेलिया टिकली, कॉडेटम संपली. पण कॉडेटम आणि बर्सेरिया एकत्र राहिल्या, कारण एक पाण्यात तरंगणारं खायची, दुसरी तळाचं. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी प्राण्यांवर हाच प्रश्न उघड्यावर तपासला. वरच्या कोरड्या पट्ट्यात राहणारी छोटी जात खाली का नाही? त्यांनी खालची मोठी जात खरवडून काढली, तेव्हा छोटी तिथेही मजेत जगली. एखादा प्राणी जिथे दिसतो तेवढीच त्याची कुवत नसते, हे त्या खरवडण्याने कळलं. नुसतं मोजून कळलं नसतं.

तर आता तुमची हरणं. मोजणी बाजूला टाकू नका, पण तिच्यातली चूक किती हे आधी काढा. एकाच हंगामात दोनदा, स्वतंत्र माणसांकडून मोजा. यामागे कारण आहे. एखाद्या वर्षी चुकून जास्त मोजलं गेलं तर पुढच्या वर्षी संख्या ‘घटलेली’ दिसते. चुकून कमी मोजलं तर ‘वाढलेली’. नुसत्या मोजणीच्या चुकांमधून गर्दीचा परिणाम असल्याचा भास तयार होतो, आणि लॉजिस्टिक वक्र तो आनंदाने गिळतो. सुरुवातीच्या वर्षांत उंदरांच्या खुणा करून पुन्हा पकडण्याच्या कामात मी असाच एक निष्कर्ष काढला होता आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. काही उंदीर सापळ्यातल्या दाण्यांना चटावले होते आणि तेच ते पुन्हा येत होते.

वार्षिक वाढीचा दर, म्हणजे या वर्षीची संख्या भागिले गेल्या वर्षीची, त्याचा लॉगॅरिदम काढा. तो आधी गेल्या वर्षीच्या संख्येसमोर मांडा, मग दोन वर्षांपूर्वीच्या संख्येसमोर. दुसरा आलेख पहिल्यापेक्षा स्पष्ट उतरता दिसला तर विलंबाचा संशय धरा. नऊ वर्षांत पुरावा म्हणण्याइतकं काही मिळणार नाही, दिशा मिळेल. ‘के’चा आकडा लिहायचाच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता त्याच ओळीत लिहा. तुमच्या बाबतीत वरची बाजू बहुधा उघडीच राहील.

मुख्य म्हणजे हरणांच्या अंगाकडे पाहा. माद्यांमागे किती पाडसं, वर्षाच्या पाडसांची वजनं, मेलेल्यांच्या जबड्यांची लांबी, माद्यांचं पहिल्या वेताचं वय. गर्दीचा परिणाम बहुधा याच क्रमाने येतो: आधी पाडसं जास्त मरतात, मग माद्या उशिरा वितात, मग दर मादीमागे पिलं कमी होतात, आणि प्रौढ मरायला लागतात ते सगळ्यात शेवटी. प्रौढ मरायला लागल्यावर ‘संख्या जास्त झाली’ हे सांगायला अभ्यासकाची गरज उरत नाही. तुमच्याकडे जुन्या वर्षांच्या कवट्या किंवा जबडे कुठे ठेवलेले असतील तर ते आजच मोजून घ्या. ती तुमची सगळ्यात मौल्यवान माहिती ठरेल.

आणि या हंगामातच बेटावर आठ-दहा ठिकाणी छोटी कुंपणं घाला, हरीण आत जाणार नाही अशी, प्रत्येकाशेजारी तेवढाच उघडा तुकडा खुणेने राखून. आतल्या-बाहेरच्या चाऱ्यातला फरक तुम्हाला सांगेल की हरणं व्याजावर आहेत की मुद्दलावर. तो फरक उमटायला दोन-तीन हंगाम जातील, म्हणून वक्र पुन्हा बसवण्याच्या आधी कुंपणाचे खांब रोवा.